पासवर्डातला @ लॉगिनला बदलतो, आणि ब्राइटनेसची पट्टी हलते पण स्क्रीन हलत नाही (लिनक्स मिंट २१)

रावपुरा_डीटीपी

नमस्कार मंडळी. बडोद्याला रावपुऱ्यात माझं डीटीपीचं काम आहे. लग्नाच्या आणि मुंजीच्या पत्रिका वर्षभर असतात, सध्या गणेश मंडळांच्या पावतीपुस्तकांची गर्दी आहे. एकाच पावतीवर मराठी, गुजराती आणि इंग्रजी, तिन्ही लागतात. कामासाठी एका दुकानातून वापरलेला लॅपटॉप घेतला. परदेशातून आलेला माल होता, त्यावर त्यांनीच मिंट २१ टाकून दिलं.

दोन गोष्टींनी काम अडलंय. माझ्या पासवर्डात @ आहे. लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट-२ दाबलं की @ ऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह येतं, म्हणून पासवर्ड चुकतो. आत शिरल्यावर मात्र @ बरोबर येतो, कारण सेटिंगमध्ये मी भारतीय इंग्रजी निवडलंय. दुसरी गोष्ट ब्राइटनेसची. एफएन धरून सूर्याचं बटण दाबलं की स्क्रीनवर पट्टी येते, कमीजास्तही होते, पण उजेड तसूभरही बदलत नाही. रात्री काम करताना डोळे चुरचुरतात.

भाषांची अडचण वेगळीच. इंग्रजीचे दोन, मराठी आणि हिंदी असे चार लेआउट झालेत, गुजराती जोडायला गेलो तर जोडताच येत नाही. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

कमाटीबाग

दादा, ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना लिनक्स उठवणाऱ्या प्रोग्राममध्ये) ‘एसीपीआय-ओएसआय बरोबर लिनक्स’ टाकून बघा, बरोबर म्हणजे = चिन्ह. ब्राइटनेसच्या प्रत्येक धाग्यात हेच दिलेलं असतं.

मकरपुरा_सिस्टिम

थांबा, अजून ग्रबला हात लावू नका.

तो पर्याय कित्येक वर्षं एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी चिकटवला जातोय. लॅपटॉपचं फर्मवेअर (मशीनमध्येच बसवलेला प्रोग्राम) कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारतं, तू कुठली सिस्टिम आहेस? लिनक्सचा कर्नल मुद्दामच विंडोजच्या नावाला होकार देतो, कारण बहुतेक फर्मवेअरची चाचणी विंडोजवरच झालेली असते. त्या पर्यायाने ‘लिनक्स’ या नावालाही होकार जातो, आणि फर्मवेअर कधी कधी अशा वाटेला वळतं जी कोणी तपासलेलीच नाही. ब्राइटनेस सुधारला नाही तर नाहीच, वर झोपेतून उठणं किंवा टचपॅड बिघडू शकतं. आंधळेपणाने टाकायची ही गोष्ट नाही.

आधी बटण कुठपर्यंत पोहोचतंय ते पाहू या. वायरमन टेस्टर घेऊन करंट कुठे तुटला ते शोधतो, तसंच. बटण दाबलं की फर्मवेअर किंवा कीबोर्डचा कंट्रोलर कर्नलला एक कोड देतो. कर्नल आणि यूडेव्ह (उपकरणं सांभाळणारा प्रोग्राम) मिळून त्या कोडला नाव देतात: ‘ए’, ‘एंटर’, ‘ब्राइटनेस वाढव’. मग एक्सकेबी, म्हणजे लेआउट, ठरवतो की या बटणाला कुठलं अक्षर. शेवटी डेस्कटॉप ठरवतो काय करायचं. तुमचा @ एक्सकेबीच्या थरात बदलतोय. ब्राइटनेसची पट्टी दिसतेय, म्हणजे ते बटण डेस्कटॉपपर्यंत नीट पोहोचलंय, बिघाड त्याच्याही पुढे आहे. ही दोन वेगळी दुखणी आहेत, एकाच औषधाने बरी व्हायची नाहीत.

दोन गोष्टी सांगा. एंटर बटण आडवं एका ओळीचं आहे की दोन ओळी उंच, उलट्या एल सारखं? आणि डाव्या शिफ्ट आणि झेडच्या मधे एखादं जास्तीचं बटण आहे का?

रावपुरा_डीटीपी

एंटर आडवं. शिफ्ट लांब, तिला लागूनच झेड. मधे काही नाही. २ च्या बटणावर @ छापलेला आहे.

मकरपुरा_सिस्टिम

मग कीबोर्ड अमेरिकन ठेवणीचा आहे. भारतात नवे लॅपटॉपही बहुधा याच ठेवणीत येतात. ब्रिटिश कीबोर्ड असता तर एंटर उंच असतं, शिफ्टशेजारी एक बटण जास्तीचं असतं, आणि शिफ्ट-२ ला अवतरणचिन्ह, शिफ्ट-३ ला पौंड छापलेलं असतं. तुमच्या सिस्टिममध्ये ब्रिटिश इंग्रजी निवडलं गेलंय, एवढंच.

आत @ बरोबर आणि लॉगिनला चूक, असं का? तुम्ही सेटिंगमध्ये निवडलेला लेआउट फक्त तुमच्या खात्यापुरता आहे. लॉगिनच्या स्क्रीनवर तुम्ही अजून आत आलेलेच नसता, म्हणून ती सगळ्या सिस्टिमचा लेआउट घेते. मिंट, उबुंटू, डेबियन या घराण्यात तो ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘डीफॉल्ट’मध्ये ‘कीबोर्ड’ नावाच्या फाइलमध्ये असतो. ती उघडून पाहा, ‘एक्सकेबी-लेआउट’च्या ओळीत ‘जीबी’ दिसेल.

हाताने बदलण्यापेक्षा टर्मिनलमध्ये ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर कीबोर्ड-कॉन्फिगरेशन’ चालवा. (कमांडची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंग. सुडो म्हणजे कमांड मुख्य अधिकाराने चालवणं.) मॉडेल विचारेल तिथे ‘जेनेरिक १०५-की पीसी’ चालतं, बटणं १०४ असली तरी. लेआउटला अमेरिकन इंग्रजी निवडा. पुढचे प्रश्न आहेत तसेच ठेवा.

डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस’ उणे-यू सकट चालवा. डिस्कचा पासवर्ड विचारला जातो तेव्हा मुख्य सिस्टिम उठलेलीच नसते, त्या वेळचा लेआउट इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे तिच्याआधी उठणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये, बांधलेला असतो. पुष्कळ जण इथे अडकतात, कारण लॉगिन सुधारतं पण डिस्कचा पासवर्ड चुकतच राहतो.

दांडियाबाजार_काका

भाषांबद्दल मी सांगतो, तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

एक्सकेबीमध्ये एका वेळी चारच लेआउट बसतात. ही मिंटची मर्यादा नाही, मुळातच चार गटांची सोय आहे. तेव्हा दोन काढा. ब्रिटिश इंग्रजी तर नकोच. हिंदीही वेगळं ठेवायची गरज नाही, मराठी इनस्क्रिप्टवर (भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर) हिंदी सगळं लिहिता येतं.

आता गुजराती. इनस्क्रिप्टची मांडणी भारतीय मानक आयएस १३१९४ मध्ये १९९१ साली आली, आणि तिच्यातली खरी गंमत आपल्यासारख्या बडोदेकरांनाच कळते. बटणं लिपीप्रमाणे बदलत नाहीत, उच्चाराप्रमाणे ठरलेली आहेत. इंग्रजी के वर मराठीत क, गुजरातीतही ક. एच वर प आणि પ. शिफ्ट-एन वर ळ, तिथेच ળ. स्वरांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, दोन्हीकडे सारखीच. म्हणजे मराठी इनस्क्रिप्ट बोटांत बसलं की गुजराती शिकायचं काही उरतच नाही, लेआउट बदला आणि लिहा. मी दोन्ही भाषांतली पत्रं अशीच लिहितो, बोटांना पत्ताही लागत नाही की लिपी बदलली.

आपल्या गावाचंच नाव घ्या. ‘वडोदऱ्यात’ लिहायला व साठी बी, ड साठी डावा चौकोनी कंस, ओकाराला ए, द साठी ओ. मग शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई, आणि शेवटी त साठी एल. शिफ्ट-जे ने ऱ येतो, डी ने पाय मोडतो, तिरक्या रेघेवर य आहे. साधा र घेतला तर ‘वडोदर्यात’ होतं, य वर रफार चढतो, आणि ते छापून गेलं की परत येत नाही. पत्रिकेत ‘दुसऱ्या’, ‘घरच्यांच्या आग्रहाखातर येणाऱ्या’ असलं काही आलं की हीच खोच. गुजरातीत ऱ नाही, तेवढा एकच फरक लक्षात ठेवायचा.

इनस्क्रिप्ट येत नसेल आणि जुन्या टाइपरायटरची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या प्रोग्राममध्ये एम-१७-एन चं पॅकेज घाला. मराठीसाठी त्यात रेमिंग्टन, आयट्रान्स, फोनेटिक, गमभन असे पुष्कळ पर्याय आहेत. पण तुम्हाला रोज दोन लिप्यांत काम करायचंय, तेव्हा माझं मत विचाराल तर चार-सहा आठवडे सोसा आणि इनस्क्रिप्टच शिका.

कमाटीबाग

काकांनी सांगितलं त्यात थोडी भर. यादीत इंग्रजी पहिलं ठेवा. मराठी चालू असताना कंट्रोल-सी, कंट्रोल-एस चालवायला प्रोग्राम यादीतला रोमन लेआउट शोधतात, तो असला की अडत नाही.

आणि इंग्रजीतलं ‘इंग्लिश, इंडिया, विथ रुपी’ घ्या. उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ येतो. पावतीपुस्तकासाठी हवाच. हे चिन्ह सरकारने १५ जुलै २०१० ला स्वीकारलं आणि त्याच वर्षी युनिकोडमध्येही आलं, त्यामुळे आताच्या फॉन्टांत मिळायला हरकत नाही. जुना फॉन्ट असेल तर तिथे रिकामा चौकोन दिसेल, छापायच्या आधी पीडीएफ मोठी करून बघा.

लेआउट बदलायचं बटण मात्र विचार करून निवडा. ऑल्ट-शिफ्ट नको. इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्राममध्ये ऑल्ट-शिफ्ट आणि बाण यांनी वस्तू सरकवतात, तिथे दर वेळी भाषा बदलेल. उजवा ऑल्टही नको, ₹ जाईल. मी कॅप्स लॉक ठेवलंय, सेटिंगमध्ये कीबोर्ड, लेआउट, ऑप्शन्स या वाटेने मिळतं.

रावपुरा_डीटीपी

काका, तुमचा ‘वडोदऱ्यात’ पहिल्या फटक्यात आला! आजवर मी दुसऱ्या फाइलीतून तो ऱ्य उचलून चिकटवत होतो. गुजरातीचं तर खरंच नव्हतं माहीत. क, प, म, त करत बसलो, सगळे जागच्या जागी.

लॉगिन सुटलं. त्या फाइलीत ‘जीबी’च होतं, आता ‘यूएस’ आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नाही. इंग्रजी, मराठी, गुजराती एवढेच लेआउट ठेवलेत, बदलायला कॅप्स लॉक.

राहिला ब्राइटनेस.

मकरपुरा_सिस्टिम

आता त्याच्याकडे वळू. मुळापासच्या ‘सिस’ फोल्डरात ‘क्लास’, त्यात ‘बॅकलाइट’. तिथे काय काय दिसतं ते कळवा. प्रत्येकात ‘टाइप’ आणि ‘मॅक्स-ब्राइटनेस’ नावाच्या फाइली असतात, त्यांत काय लिहिलंय तेही.

रावपुरा_डीटीपी

दोन आहेत. ‘एसीपीआय-व्हिडिओ-०’, टाइप फर्मवेअर, मॅक्स १५. आणि ‘इंटेल-बॅकलाइट’, टाइप रॉ, मॅक्स ९३७.

मकरपुरा_सिस्टिम

सापडलं. तुमच्या स्क्रीनचा उजेड बदलायला कर्नलने दोन दरवाजे दाखवलेत. एक फर्मवेअरमार्फत जातो, दुसरा थेट इंटेलच्या ग्राफिक्समार्फत. डेस्कटॉपला असे दोन दिसले की तो आधी फर्मवेअर, मग प्लॅटफॉर्म, मग रॉ या क्रमाने निवडतो. तुमच्याकडे तो फर्मवेअरच्या दारावर थाप मारतोय, आणि त्या दारामागे कोणी नाही. पट्टी हलते कारण तिथला आकडा खरोखर बदलतो. उजेड बदलत नाही कारण त्या आकड्याकडे पॅनेल बघतच नाही.

हे खरं की नाही ते तपासून घ्या. टर्मिनलमध्ये ‘इको ४००’, मग उभी रेघ, मग ‘सुडो टी’ आणि पुढे इंटेल-बॅकलाइटमधल्या ‘ब्राइटनेस’ फाइलचा पूर्ण पत्ता. ‘सुडो इको’ करून बाणाने फाइलीत ढकलायचा प्रयत्न कराल तर परवानगी नाकारली जाईल, कारण बाणाचं काम शेल करतं आणि त्याला सुडो लागलेला नसतो. म्हणून ‘टी’.

दोन सूचना. आधी इंग्रजी लेआउटवर या. मराठीत असाल तर आकडे देवनागरी पडू शकतात आणि मग कर्नल ‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ म्हणून परत पाठवेल. आणि शून्य लिहू नका. इंटेलच्या या फाइलीत शून्य लिहिल्यावर काही पॅनेल पूर्ण काळं होतं, मग अंधारात टाइप करत बसावं लागतं.

रावपुरा_डीटीपी

४०० लिहिलं आणि स्क्रीन लगेच मंद झाली. ८०० ला परत उजळ!

मकरपुरा_सिस्टिम

मग उपाय पक्का: ‘एसीपीआय-बॅकलाइट बरोबर नेटिव्ह’. यामुळे कर्नल फर्मवेअरचं दार उघडतच नाही, एकच उरतं. मिंट २१ चा मूळ कर्नल ५.१५ आहे. ६.१ पासून ही निवड कर्नलमध्ये नव्याने बांधली, तेव्हापासून दोन दारं एकदम दिसण्याचा प्रकार बराच कमी झालाय. म्हणजे तुम्ही पुढे मिंट २२ वर गेलात, त्यात ६.८ आहे, तर कदाचित हा पर्याय लागणारही नाही. तेव्हा काढून बघा.

कायमचं करण्याआधी एकदाच लावून पाहायची सोय आहे, ती जरूर वापरा. मशीन सुरू होताना एस्केप दाबा, जुन्या बायॉसवर शिफ्ट धरून ठेवा, ग्रबचा मेनू येईल. पहिल्या ओळीवर असताना ई दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या शेवटी एक जागा सोडून पर्याय लिहा, मग एफ१० किंवा कंट्रोल-एक्स. हा बदल तेवढ्या एका सुरुवातीपुरताच असतो. काही बिनसलं तर बंद करून चालू करा, मशीन पहिल्यासारखं. ग्रबमध्ये तुमचा लेआउट चालत नाही, तिथे अमेरिकन कीबोर्डच असतो, तुमच्या बटणांवर तोच छापलाय म्हणून तुम्हाला त्रास नाही.

जमलं की ‘ईटीसी’, ‘डीफॉल्ट’, ‘ग्रब’ या फाइलीत ‘क्वायट स्प्लॅश’ लिहिलेल्या अवतरणचिन्हांच्या आत तेच जोडा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. हे शेवटचं विसरलं तर फाइलीत असूनही काही होणार नाही.

रावपुरा_डीटीपी

झालं. आधी तात्पुरतं लावून पाहिलं, मग कायमचं केलं. बॅकलाइटमध्ये आता एकटं इंटेल दिसतंय, बटणं उजेड कमीजास्त करतायत, बंद करून चालू केलं तरी आधीचाच उजेड राहतो. मनापासून आभार. मंडळाच्या पावत्यांची पहिली प्रत रात्रीच काढली, ₹ सकट.

निझामपुरा_ताई

याच धाग्यात विचारते, चालेल ना? माझ्याकडे नवा लॅपटॉप आहे, उबुंटू, वेलँड (स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था). कोपऱ्यातल्या मेनूतली ब्राइटनेसची पट्टी बोटाने सरकवली तर उजेड नीट बदलतो. बटणांनी मात्र काहीच होत नाही, पट्टीसुद्धा दिसत नाही. मीही तोच नेटिव्हचा पर्याय टाकू का?

मकरपुरा_सिस्टिम

नको, ताई. तुमचं दुखणं बरोबर उलटं आहे. पट्टी सरकवून उजेड बदलतोय म्हणजे बॅकलाइट ठणठणीत आहे, बटणच वाटेत हरवतंय. त्या पर्यायाने बटण सापडणार नाही, उलट चाललेलं बिघडू शकेल.

पहिली तपासणी सोपी: एफएन-एस्केप दाबून पाहा. पुष्कळ लॅपटॉपवर त्याने एफएन लॉक चालू-बंद होतं. तसं नसेल तर बायॉसमध्ये फंक्शन बटणांची पद्धत बदलायचा पर्याय असतो, नाव प्रत्येक कंपनीत वेगळं.

त्याने भागलं नाही तर ‘एव्हटेस्ट’ बसवा आणि सुडोने चालवा. वेलँडवर ‘एक्सईव्ही’वर विसंबू नका, ते एक्सचं, म्हणजे वेलँडच्या आधीच्या व्यवस्थेचं अवजार आहे. एव्हटेस्ट उपकरणांची यादी देईल. इथेच बहुतेकांची फसगत होते: सगळे ‘एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड’ निवडतात, ब्राइटनेसचं बटण दाबतात, काही आलं नाही की बटण मेलं असं ठरवतात. पण ब्राइटनेसची बटणं अनेकदा ‘व्हिडिओ बस’ नावाच्या उपकरणातून येतात, नाहीतर कंपनीच्या हॉटकी उपकरणातून. एकेक निवडून प्रत्येकावर दाबून पाहा.

निझामपुरा_ताई

एफएन लॉकने फरक नाही. व्हिडिओ बसवर शांतता. एटी कीबोर्डवर मात्र दाबलं की ‘एमएससी-स्कॅन’ची एक ओळ येते, कमी करायच्या बटणाला शेवटी डी६, वाढवायच्याला डी७. बटणाचं नाव येत नाही. आणि ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘अननोन की प्रेस्ड’ असं लिहिलंय.

मकरपुरा_सिस्टिम

उत्तम, नेमकं दाखवलंत. कोड कर्नलपर्यंत येतोय, त्याला नाव कोणी दिलेलं नाही. ते नाव यूडेव्हच्या एचडब्ल्यूडीबीत, म्हणजे उपकरणांच्या यादीत, द्यायचं.

‘ईटीसी’, ‘यूडेव्ह’, ‘एचडब्ल्यूडीबी.डी’ या फोल्डरात ९० ने सुरू होणाऱ्या नावाची एक फाइल करा, शेवटी ‘.एचडब्ल्यूडीबी’ हवं. पहिल्या ओळीत तुमचं मशीन कोणतं ते: ‘ईव्हीडेव्ह, एटीकेबीडी, डीएमआय’ आणि पुढे कंपनीचं आणि मॉडेलचं नाव. ही नावं ‘सिस’, ‘क्लास’, ‘डीएमआय’, ‘आयडी’ इथल्या ‘मोडअलायस’ फाइलीतून घ्या, नको त्या भागांच्या जागी तारा (*) टाका. त्याखालच्या दोन ओळींत ‘कीबोर्ड-की-डी६ बरोबर ब्राइटनेसडाउन’ आणि ‘कीबोर्ड-की-डी७ बरोबर ब्राइटनेसअप’. कीबोर्ड-की हे मोठ्या लिपीत, कोड आणि बटणाचं नाव लहान लिपीत. या दोन्ही ओळींची सुरुवात एका रिकाम्या जागेने झालीच पाहिजे. ती नसेल तर यूडेव्ह त्या ओळी या मशीनच्या मानतच नाही, उजेडही पडत नाही.

मग ‘सुडो सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट’ आणि त्यानंतर ‘सुडो यूडेव्हअॅडएम ट्रिगर’. मशीन बंद करायची गरज नाही.

निझामपुरा_ताई

दोन्ही बटणं चालली, पट्टीही दिसते! माझ्यासारखंच मशीन घेतलेल्या एका मैत्रिणीलाही हाच त्रास आहे, तिलाही हीच फाइल देऊ का?

मकरपुरा_सिस्टिम

जरूर द्या. मॉडेलचं नाव तंतोतंत तेच असेल तर काही न बदलता चालेल.

पण त्याहून चांगलं म्हणजे या ओळी सिस्टिमडीच्या (यूडेव्ह ज्याचा भाग आहे त्या) मूळ प्रकल्पात पाठवा. तिथे ‘६०-कीबोर्ड’ नावाची एचडब्ल्यूडीबी फाइल आहे, आणि ती अशाच लोकांनी पाठवलेल्या ओळींनी भरत आलीय. एकदा त्यात गेल्या की पुढच्या आवृत्तीपासून तेच मॉडेल घेणाऱ्या कोणालाही, मग तो कुठल्याही गावचा असो, हे सगळं करावं लागणार नाही. तुमची मोडअलायसची ओळ इथे टाका, तारा कुठे ठेवायच्या ते मी पाहून देतो. फार ढिल्या ठेवल्या तर दुसऱ्याच मॉडेलची बटणं बदलतील.